सरोगसीपूर्व समुपदेशन व तपासणी: साडेतीन तारे, आणि ते का

गेल्या काही महिन्यांत आम्ही उभयतांनी आणि आमच्यासाठी गर्भधारणा करण्यास तयार झालेल्या ताईंनी एका वंध्यत्व-उपचार केंद्राची सरोगसीपूर्व तयारीची सेवा घेतली. भ्रूणरोपण अद्याप झालेले नाही, त्यामुळे केंद्राच्या यशाविषयी किंवा डॉक्टरांच्या हातगुणाविषयी मला काही सांगता येणार नाही. रोपणाच्या आधी जे समुपदेशन आणि ज्या तपासण्या होतात, केवळ त्यांच्यापुरताच हा अभिप्राय आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्यावरून ताईंची ओळख पटू शकेल आणि ती उघड न करण्याचे वचन आम्ही त्यांना पहिल्याच बैठकीत दिले आहे. ताईंनी हा मजकूर वाचला आहे आणि दोन ठिकाणी दुरुस्तीही सुचवली आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव आटोक्यात न आल्यामुळे माझे गर्भाशय काढावे लागले. अंडाशय शाबूत असल्याने आयव्हीएफद्वारे (प्रयोगशाळेत अंडपेशी फलित करून) आमचे स्वतःचे भ्रूण तयार करता आले आणि ते सध्या गोठवून ठेवलेले आहेत. म्हणजे ताईंच्या पोटात वाढणाऱ्या बाळाशी त्यांचे जनुकीय नाते नसेल. सरोगेटची स्वतःची अंडपेशी वापरण्याची जी जुनी पद्धत होती, ती ही नाही. ताई माझ्या थोरल्या बहिणीच्या मैत्रीण आणि दोन मुलांच्या आई. माझ्या आजारपणात त्या भेटायला आल्या, तासभर इकडचे तिकडचे बोलल्या, आणि निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, “तुमचे बाळ मी पोटात वाढवले तर चालेल का, विचार करा.” विचार करायला आम्हाला चार महिने लागले.

केंद्रात पहिल्या दिवशी समन्वयक बाईंनी टेबलावर दोन फायली ठेवल्या. ताईंची दोन बोटे जाड होती आणि आमची चार पानांची. त्या वेळी मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. ज्यांच्या शरीरात गर्भ वाढणार त्यांची तपासणी व्हायची आणि आम्ही सह्या करायच्या, अशीच माझी समजूत होती. ही समजूत चुकीची होती, हे या सेवेनेच मला दाखवून दिले. मात्र त्या दोन फायलींच्या जाडीतील फरक केंद्राने स्वतः अजून पुरता मनावर घेतलेला नाही, आणि माझ्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

वैद्यकीय तपासणीत तक्रारीला फारशी जागा नाही. ताईंच्या दोन्ही प्रसूतींचे कागद आधी मागवून घेण्यात आले आणि डॉक्टरांनी ते आम्हाला बाहेर बसवून ताईंबरोबर ओळीने वाचले. अमेरिकेतील प्रजननवैद्यकाच्या मुख्य व्यावसायिक संस्थेच्या सूचनांनुसार सरोगेटचे वय शक्यतो २१ ते ४५ वर्षांच्या दरम्यान असावे, तिची किमान एक गर्भधारणा पूर्ण दिवसांची आणि गुंतागुंतीविना पार पडलेली असावी, आणि आधीच्या एकूण प्रसूती पाचांहून किंवा सिझेरियन तीनांहून अधिक नसावीत. जिथे कायद्यानेच अटी घातलेल्या असतात, तिथे अर्थातच त्या आधी पाहाव्या लागतात. अशा अटींमागचे कारण विचारले की सहसा ‘नियम आहे’ एवढेच उत्तर मिळते. इथल्या डॉक्टरांनी मात्र कागदावर गर्भाशयाची आकृती काढून दाखवले की सिझेरियनच्या प्रत्येक व्रणागणिक पुढच्या खेपेला वार (गर्भाला पोषण पुरवणारा अवयव, प्लॅसेंटा) खालच्या बाजूला बसण्याचा किंवा व्रणात रुतण्याचा धोका कसा वाढत जातो, आणि तसे झाल्यास प्रसूतीच्या वेळी किती रक्तस्राव होऊ शकतो. माझ्याच बाबतीत काय घडले होते ते आठवून मी त्या आकृतीकडे फार वेळ पाहू शकले नाही. एक गर्भधारणा आधी झालेली असावी या अटीचे कारण त्यांनी आणखी सोपे करून सांगितले: ज्या बाईने गर्भारपण अनुभवलेच नाही, ती कशाला होकार देत आहे हे तिला तरी कसे कळावे?

रक्तदाबाविषयी ताईंना तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेळा विचारले. तिसऱ्या खेपेस त्या थोड्या वैतागल्या, तेव्हा खुलासा मिळाला. गर्भ स्वतःच्या अंडपेशीपासून झालेला नसतो तेव्हा गरोदरपणात रक्तदाब चढण्याचे प्रमाण अधिक आढळते. म्हणून आधीच्या गरोदरपणात पायांवर सूज, लघवीतून प्रथिने जाणे किंवा शेवटच्या महिन्यांत रक्तदाब वाढणे यांपैकी काही घडले होते का, हे खोदून विचारावे लागते, आणि बायका बाळंतपण सुखरूप झाले की अशा गोष्टी विसरून जातात. ताईंना तिसऱ्या वेळी खरोखरच काहीतरी आठवले. धाकट्याच्या वेळी एकदा रक्तदाब जास्त निघाला होता, पण दुसऱ्या दिवशी उतरला होता. त्यावर डॉक्टरांनी आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजणी करायला लावली, आकडे पाहिले, आणि मगच पुढे जाऊ दिले.

बाकीच्या तपासण्या रूढ आहेत: रक्तगट, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रुबेला आणि कांजिण्यांविरुद्धची प्रतिकारशक्ती, गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी (पॅप स्मिअर), आणि गर्भाशयाच्या पोकळीत सलाईन सोडून केलेली सोनोग्राफी, जिच्यात अस्तरावरील लहानसहान गाठीसुद्धा दिसतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांच्या चाचण्या मात्र आमच्या दोघांच्या आणि ताईंच्या यजमानांच्याही झाल्या. माझे पती हळूच म्हणाले, “आपल्या कशाला?” रक्त घेणाऱ्या मुलीने सुई काढता काढता उत्तर दिले की भ्रूण तुमचे आहे, तेव्हा त्याच्याबरोबर काही जाणार असेल तर ते तुमच्याकडूनच त्यांच्याकडे जाईल. इतक्या सरळ शब्दांत हे आम्हाला तोवर कोणीच सांगितले नव्हते.

यानंतर झाली ती रंगीत तालीम. प्रत्यक्ष रोपण न करता सगळी औषधे त्याच क्रमाने देऊन गर्भाशयाचे अस्तर कसे प्रतिसाद देते ते पाहायचे, असा तिचा हेतू असतो. सुमारे दोन आठवडे इस्ट्रोजेन या अस्तर जाड करणाऱ्या संप्रेरकाच्या गोळ्या, मग सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजणे, सात-आठ मिलिमीटर भरली की अस्तर गर्भधारणेला तयार करणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुरू करणे, आणि खऱ्या वेळी त्यानंतरच्या ठरावीक दिवशी पाच दिवसांचे भ्रूण गर्भाशयात सोडणे. ताईंचे अस्तर पहिल्याच खेपेस पुरेसे झाले. प्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन तेलातले असते आणि कमरेखाली स्नायूत घ्यावे लागते. नर्सने कुपी ताईंच्या हातात दिली आणि ती दोन मिनिटे मुठीत धरून ठेवायला सांगितले, कारण तेल गार असले की दाट राहते आणि टोचलेली जागा जास्त दुखते. ताईंनी मूठ मिटली आणि विचारले, “हे किती दिवस?” गर्भ राहिला तर साधारण दहा ते बारा आठवड्यांपर्यंत रोज, असे नर्सने सांगितले. ताईंनी दुसऱ्या हाताच्या बोटांवर आठवडे मोजले आणि त्या काही बोलल्या नाहीत.

माझी पहिली मोठी तक्रार या क्षणाची आहे. रोज टोचून घ्यावे लागणार ही गोष्ट ताईंना औषधे सुरू झाल्यावर, उपचाराच्या खोलीत, एका नर्सकडून कळली. समुपदेशनाची पहिली बैठक या केंद्राने वैद्यकीय तपासण्या आणि तालीम आटोपल्यानंतर ठेवलेली आहे. कारण विचारले, तेव्हा शरीर पात्र ठरल्याशिवाय समुपदेशकांचा वेळ घेणे व्यवहार्य नसते, असे सांगण्यात आले. केंद्राच्या वेळापत्रकाच्या दृष्टीने ते खरे असेल. पण जिने कोणाच्या तरी बाळासाठी महिनाभर गोळ्या घेतल्या, सुट्ट्या टाकल्या, घरच्यांना समजावले, तिला त्यानंतर बंद खोलीत ‘तुम्हाला खरोखर हे करायचे आहे का’ असे विचारण्यात फारसा अर्थ राहत नाही. नकार देण्याची वाट तोवर पुष्कळ अरुंद झालेली असते. निदान एक बैठक तरी अगदी आरंभी, पहिल्या रक्ततपासणीच्याही आधी व्हायला हवी, आणि तीत इंजेक्शनांपासून सिझेरियनच्या शक्यतेपर्यंत सगळे स्वच्छ सांगायला हवे.

मानसशास्त्रीय चाचणी ताईंची झाली. या कामी जगभर वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी एमएमपीआय-२ मध्ये ५६७ विधाने असतात आणि पीएआयमध्ये ३४४; ताईंची प्रश्नावली याच जातीची, चांगलीच लांबलचक होती. अशा चाचणीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे काही नसते. तीव्र नैराश्य, व्यसन किंवा दडपणाखाली घेतलेला निर्णय यांची चाहूल लागावी, एवढा तिचा उपयोग; आणि उत्तर देणारी व्यक्ती स्वतःला वाजवीपेक्षा जास्त सज्जन दाखवू पाहत असेल तर तेही उत्तरांच्या जुळणीवरून लक्षात येते. ताई दीड तासाने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “एकच प्रश्न तीनदा वेगळी साडी नेसून येतो.” निष्कर्ष त्यांना समोर बसवून समजावून सांगण्यात आला, हे मला आवडले. अशी चाचणी आमची का नाही, असे मी विचारले, तेव्हा समन्वयक बाई नुसत्या हसल्या. हसण्यासारखे त्यात काय होते, ते मला अजून कळलेले नाही. बाळ आयुष्यभर आमच्याकडे राहणार आहे.

आता समुपदेशनाकडे येते. साडेतीनपैकी अडीच तारे मी त्यालाच दिले आहेत. त्याचे तीन भाग होते: ताईंच्या एकटीच्या बैठका, आम्हा दोघांच्या बैठका, आणि शेवटी सर्वांची एकत्र बैठक. ताईंच्या बैठकांत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही आणि ते तसेच असावे. समुपदेशक बाईंनी आरंभीच स्पष्ट केले की ताईंनी कोणत्याही टप्प्यावर माघार घेतली तर केंद्र आम्हाला फक्त ‘पुढे जाता येणार नाही’ एवढेच कळवेल, कारण सांगणार नाही. नात्यातल्या किंवा ओळखीतल्या बाईला तोंडावर नाही म्हणणे किती जड जाते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या एका वाक्याचे मोल कळेल.

आमच्या पहिल्या बैठकीत त्यांनी आम्हा दोघांना एकमेकांकडे पाठ करून बसवले, हातात एकेक पेन्सिल दिली आणि सात प्रश्नांचा एक कागद दिला. एकाहून अधिक भ्रूण सोडायचे का? प्रसूतीच्या वेळी खोलीत कोण असावे? तुम्हा दोघांना मध्येच काही झाले तर बाळ कोणाकडे जाईल? सात प्रश्नांपैकी चारांत आमची उत्तरे जुळली नाहीत. अकरा वर्षांच्या संसारानंतर हे समजणे जरा ओशाळवाणे होते. एक भ्रूण की दोन, यावर मी ‘दोन’ असे लिहिले होते, एका बाळंतपणात दोन्ही इच्छा पुऱ्या होतील या हिशेबाने. जुळ्यांच्या गर्भारपणात अपुऱ्या दिवसांची प्रसूती, रक्तदाब आणि मधुमेह या सगळ्यांचा धोका वाढतो आणि तो ताईंनी सोसायचा असतो, हे ऐकल्यावर मी माझे उत्तर तिथेच खोडले.

खरी अडचण पाचव्या प्रश्नाची होती: गर्भात गंभीर दोष आढळला तर पुढे काय करायचे हे कोण ठरवेल? पतींनी ‘आम्ही’ असे लिहिले होते आणि मी ‘आम्ही तिघे’. माझे उत्तर अधिक उदार आहे, या समाधानात मी होते. समुपदेशक बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या की दोघांचेही चुकले आहे. गर्भारपणात कोणत्याही तपासणीला, उपचाराला किंवा शस्त्रक्रियेला संमती देणारी व्यक्ती एकच, जिचे शरीर आहे ती. कराराच्या कागदावर काहीही लिहून घेतले तरी डॉक्टर प्रसूतीच्या टेबलावर आम्हाला विचारणार नाहीत, ताईंना विचारतील, आणि तसेच व्हायला हवे. मग आधी इतकी चर्चा कशासाठी? तर तिघांची मते मुळातच जुळतात का, ते पाहण्यासाठी. जुळत नसतील, तर ही जोडीच योग्य नाही, असे समजून वेळीच बाजूला व्हावे. ताईंवर हक्क सांगण्याची तयारी म्हणून मी या बैठकांकडे पाहत होते. त्या प्रत्यक्षात हक्क सोडण्याची तयारी होत्या.

दुसऱ्या बैठकीला मी एक तक्ता घेऊन गेले होते. तो मी दोन रात्री बसून, रंगीत रेघा मारून तयार केला होता. त्यात ताईंच्या झोपेच्या वेळा, चालण्याची मिनिटे, कुशीवर झोपायचे तर कोणत्या, आणि मला रोज संदेश पाठवण्याच्या दोन वेळा, असे सगळे होते. मी तो जरा अभिमानानेच पुढे केला. समुपदेशक बाईंनी तो नीट पाहिला, आणि ‘हा ताईंनी मागितला होता का’, एवढेच विचारले. मग त्यांनी माझ्या शस्त्रक्रियेविषयी विचारायला सुरुवात केली. ताईंचे पोट दिसू लागेल तेव्हा तुम्हाला काय वाटेल, असे त्यांनी विचारले. आनंदच होईल, असे मी म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवले आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलू शकले नाही, कारण मला रडू फुटले होते, आणि ते आनंदाचे नव्हते.

त्या दिवशी त्यांनी आमच्या फायलीत लिहिले, ‘प्रक्रिया सहा आठवडे थांबवावी.’ आम्ही दोघेही संतापलो. ताई सर्व तपासण्यांतून पार झाल्या होत्या, अस्तर चांगले होते, भ्रूण तयार होते, आणि अडथळा काय तर माझे रडणे! परत येताना पती म्हणाले की आपण पात्र आहोत की नाही हे ठरवणाऱ्या या कोण? आज मला वाटते की या केंद्राने आम्हाला दिलेली सर्वांत मोलाची सेवा म्हणजे ते एक वाक्य होते. त्या सहा आठवड्यांत मी चार वेळा एकटी जाऊन बसले. बाळाविषयी जवळजवळ काहीच बोलणे झाले नाही. गेलेल्या गर्भाशयाविषयीच झाले. जे माझ्या हातून निसटले होते त्यावर मी ताईंच्या शरीरामार्फत पुन्हा पकड मिळवू पाहत होते, आणि नऊ महिने त्या बिचाऱ्यांना माझ्या तक्त्याखाली काढावे लागले असते, हे मला तिसऱ्या बैठकीत उमगले.

थांबवण्याचे हे महत्त्व ज्यांना अतिशयोक्ती वाटत असेल त्यांनी ‘बेबी एम’ खटल्याचा निकाल जरूर पाहावा. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मार्च १९८६ मध्ये जन्मलेल्या या मुलीच्या सरोगेट आईने, जिची स्वतःची अंडपेशी वापरली गेली होती, बाळ सोपवण्यास नकार दिला आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी १९८८ मधील निकालात न्यायालयाने सरोगसीचा करार अवैध ठरवला, मुलीचा ताबा वडिलांकडे, म्हणजे बाळ हवे असलेल्या दांपत्यातील पतीकडे, ठेवला आणि सरोगेटला आई म्हणून मान्यता दिली. त्या निकालपत्रातील एका बारीक नोंदीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जुळवाजुळव करणाऱ्या संस्थेने आधीच मानसशास्त्रीय मूल्यमापन करून घेतले होते. या बाईंना बाळ देणे जड जाऊ शकते, अधिक चौकशी करावी, असे त्यात म्हटले होते. ती चौकशी कोणी केली नाही, आणि तो शेरा ना त्या बाईंना सांगितला गेला, ना त्या दांपत्याला. अधिक चौकशी केली असती तर संस्थेचे शुल्क बुडण्याची शक्यता होती, असे न्यायालयाने स्पष्ट नोंदवले आहे. तपासणी झाली होती, अहवाल योग्य होता, आणि तरीही तो फायलीत पडून राहिला, कारण थांबण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

हे वाचल्यामुळेच मी केंद्राला विचारले की समुपदेशकांचा अहवाल कोण वाचतो आणि त्यांनी ‘थांबा’ लिहिले तर ते फिरवण्याचा अधिकार कोणाला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी अगदी मोघम मिळाले. पाठपुरावा केल्यावर एक लेखी नमुना आला: सविस्तर अहवाल फक्त संबंधित व्यक्तीला आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना, दुसऱ्या बाजूला केवळ निष्कर्ष, तोही संमतीने. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तत्काळ आणि चांगले होते. समुपदेशकांची हरकत असेपर्यंत रोपणाची तारीख दिली जात नाही, आणि आमच्या बाबतीत ती खरोखरच दिली गेली नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी इतर अनेक उणिवा पोटात घालायला तयार आहे.

सगळ्याच उणिवा मात्र पोटात घालता येत नाहीत. ताईंच्या आणि आमच्या बैठका घेणाऱ्या समुपदेशक एकच होत्या. त्या निष्पक्ष राहिल्या याबद्दल मला शंका नाही, पण उद्या आमच्यात मतभेद झाले तर ताईंनी कोणाकडे जायचे? वकिलांच्या बाबतीत दोन्ही बाजूंना स्वतंत्र सल्ला असावा असा आग्रह केंद्र स्वतःच धरते, आणि तो रास्तही आहे. मग मनाच्या सल्ल्याला तोच न्याय का नाही? दुसरे म्हणजे, ताईंच्या यजमानांना अवघी वीस मिनिटे मिळाली आणि मुलांना काय सांगायचे यासाठी एक छापील पान. रोजची इंजेक्शने त्यांचे यजमान देणार आहेत, शेवटच्या महिन्यांत घर तेच सांभाळणार आहेत, आणि रोपणाच्या आधी-नंतर काही काळ त्यांनी शरीरसंबंध टाळायचे आहेत. हे सर्व वीस मिनिटांत आटोपण्यासारखे नाही. ताईंच्या धाकट्याने त्या पानावरचे चित्र पाहून विचारले की बाळ आपले नाही तर मग ते आपल्या आईच्या पोटात कसे शिरले. त्याला उत्तर द्यायला केंद्राचे कोणीही तिथे नव्हते. ताईंनीच दिले, आणि ते त्या पानावरच्या मजकुरापेक्षा फार चांगले होते.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर वाटते. प्रसूतीनंतरच्या बैठका या सेवेत धरलेल्याच नाहीत. ब्रिटनमध्ये ३४ सरोगेट मातांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ सोपवल्यानंतरच्या आठवड्यांत त्यांतील काहींना भावनिक त्रास झाला, पण काळाबरोबर तो ओसरत गेला आणि बाळ देण्याबाबत मोठ्या अडचणी आल्या नाहीत, असे त्यात आढळले. निष्कर्ष दिलासा देणारा आहे. तरीही ओसरण्याआधीचे ते आठवडे असतातच, आणि त्या आठवड्यांत घरात बाळ नसताना दूध उतरलेले असते, शरीर बाळंतिणीचे असते. आम्ही लेखी मागणी केल्यावर प्रसूतीनंतरच्या तीन बैठका ताईंसाठी जोडून मिळाल्या. मागणी न करणाऱ्यांना त्या मिळणार नाहीत, हे लक्षात ठेवावे.

एकत्र बैठक पावणेदोन तास चालली. दूध काढून द्यायचे की नाही, बाळ झाल्यावर ताईंनी ते आधी हातात घ्यायचे की मी, पुढे भेटीगाठी किती, सोनोग्राफीची चित्रे नातेवाइकांना पाठवायची का, अशा गोष्टी तीत निघाल्या आणि बहुतेक सुटल्या. बाळाला स्वतःच्या जन्माची हकीकत लहानपणापासूनच सांगायची, एकदम मोठेपणी धक्का द्यायचा नाही, यावर चौघांचेही एकमत झाले. भेटीगाठींच्या प्रश्नावर मी ‘ताईंना हव्या तितक्या’ असे म्हणाले, तेव्हा ताईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, “मला कमी हव्या असतील तर? तेही लिहा.” समुपदेशक बाईंनी ते लिहून घेतले. तक्त्याचा विषय मीच काढला आणि क्षमा मागितली. आठवड्यातून एकदा, रविवारी, ताईंना वाटेल तेव्हा त्या फोन करतील असे ठरले आहे.

नोंदणी, प्रतीक्षा, बिले वगैरे कारभार ठीक आहे. संमतिपत्रे वाचून दाखवणारे गृहस्थ फार घाईने वाचतात. त्यांना थांबवून प्रत घरी मागून घ्यावी, देतात.

या केंद्रात जाण्याचा विचार असेल त्यांनी नोंदणीपूर्वीच समुपदेशनाची एक बैठक तपासण्यांच्या आधी मागावी, ताईंसारख्या व्यक्तीसाठी स्वतंत्र समुपदेशक मिळेल का ते विचारावे आणि प्रसूतीनंतरच्या बैठका लेखी ठरवून घ्याव्यात. माझ्या तक्रारींवर व्यवस्थापनाने सविस्तर उत्तर पाठवले आहे आणि पहिली बैठक आरंभी घेण्याची सूचना मान्य असल्याचे कळवले आहे. गेल्या आठवड्यात रोपणाची तारीख घ्यायला गेलो, तेव्हा स्वागतकक्षातील माहितीपत्रकात मात्र जुनाच क्रम छापलेला होता.